कुत्र्याच्या गोचिडीवरची तीन महिन्यांची गोळी: एका वायरमनचा अनुभव, हिशेबासकट

औषधाचं नाव आधीच सांगून टाकतो. फ्लुरालानर. डब्यावर कंपनीचं नाव ठळक असतं आणि हे नाव मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, पण तेच वाचा. चावून खायची गोळी आहे, वजनाच्या गटाप्रमाणे मिळते, एक दिली की बारा आठवडे चालते. आमचा खंड्या सतरा किलोचा, म्हणून दहा ते वीस किलोवाली, ५०० मिलिग्रॅमची. मला २,३०० रुपयांना पडली. दुकानदाराने किंमत सांगितली तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "डबा चांदीचा आहे का?" तो हसला नाही. त्याला रोज कुणी ना कुणी हेच विचारत असणार.

मी वायरमन. सोलापुरात पस्तीस वर्षं घरांची वायरिंग केली, अजूनही हात चालतात तेवढी करतो. आमचं घर अर्धं जुनं, अर्धं नवं. पुढच्या दोन खोल्या दगडी भिंतीच्या, वर लाकडी तुळयांचं माळवद. मागे पोराने स्लॅब टाकून बांधलेल्या दोन. खंड्या गावठी, कान उभे, सहा वर्षांचा. दिवसभर पुढच्या खोलीत दाराच्या चौकटीला पाठ टेकून पडलेला असतो.

सुरुवात पाडव्याला झाली, ३० मार्चला. तोरण बांधायला स्टुलावर चढलो आणि चौकटीच्या वरच्या फटीत काहीतरी तांबूस हललं. ढेकूण वाटला. टेस्टरच्या टोकाने काढला तर पाय आठ. ढेकणाला सहा असतात. गोचीड होती. फटीत आणखी टेस्टर घातला तर ओळीने बसलेल्या, एस.टी.च्या बाकड्यावर बसावं तशा. ही खालून विचारत होती, "तोरण सरळ लागलं का?" मी "लागलं" म्हणालो आणि गुपचूप खाली उतरलो. सणाच्या दिवशी कशाला सांगायचं?

गोचीड भिंतीवर इतक्या उंच काय करते, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. आपल्या डोक्यात गोचीड म्हणजे गवतातली, जनावराच्या अंगावरची. ही जात वेगळी. तपकिरी कुत्र्याची गोचीड म्हणतात हिला, शास्त्रीय नाव रिपिसेफॅलस सँग्विनियस. १८०६ साली लात्रेय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे नाव दिलं. आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातल्या वाणाला हल्ली लिन्नेई म्हणून वेगळं काढलंय असं पोराने मोबाईलवर वाचून दाखवलं. नाव काहीही ठेवा, तिची खोड एकच: घरात राहते. बाकीच्या बहुतेक गोचिडींना रान लागतं, हिचा अख्खा संसार चार भिंतींत होतो. आणि रक्त पिऊन झालं की ती वर चढते. चौकट, पडद्याची दांडी, फोटोफ्रेमची मागची बाजू, छताचा कोपरा. आमच्याकडे तर तुळयाच होत्या. तिला वाडाच मिळाला म्हणायचा.

तर पहिल्या आठवड्यात मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही.

१२० रुपयांची पावडर आणली आणि खंड्याला फासली. तो धुळवड खेळल्यासारखा घरभर हिंडला, दोन दिवस शिंकला. काही गोचिडी गळल्या, त्यामुळे मला वाटलं, झालं काम. मग २५० रुपयांचा गळ्यातला पट्टा घेतला. वासाचा होता, औषधाचं नाव कुठेच नव्हतं. आता मला कळतं की चांगले पट्टे असतात, फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असलेले, ते कित्येक महिने टिकतात आणि त्यांची किंमतही तशीच असते. माझ्या पट्ट्यावर चौथ्या दिवशी एक गोचीड बसलेली दिसली. पट्ट्यावरच. त्या पट्ट्याला याहून वेगळा अभिप्राय माझ्याकडे नाही.

मोहोळचा मेव्हणा आला होता, त्याच्याकडे गाई आहेत. तो म्हणाला, "दाजी, एवढं काय घेऊन बसलाय? गाईला औषधानं धुतलं की गोचीड खलास. कुत्र्याला बी धुवा." त्याने गोठ्यातली बाटली आणून दिली, अमित्राझची. हे औषध डॉक्टर कुत्र्यालाही लावतात, पण प्रमाण त्यांनी ठरवायचं असतं. आम्ही अंदाजपंचे दाहोदरसे केलं. खंड्या दुपारभर असा झोपला की ही दर दहा मिनिटांनी त्याच्या पोटावर हात ठेवून बघत होती. संध्याकाळी उठला, पण डोळे जड. पुन्हा ती बाटली घरात आणू नको असं मेव्हण्याला हिनेच सांगितलं, आणि ती भावाला सहसा काही बोलत नाही.

मेव्हण्याचं म्हणणं मात्र त्याच्या जागी खोटं नव्हतं. गाईवर जी नेहमीची गोचीड असते, ती पिल्लू असताना एकदा अंगावर चढली की मोठी होऊन पोट भरेपर्यंत त्याच गाईवर असते. अंगाला औषध लागलं की लहानमोठ्या सगळ्या सापडतात. कुत्र्याची ही गोचीड तीनदा चढते आणि तीनदा उतरते. अंड्यातून निघते तेव्हा सहा पायांची, रांगोळीच्या कणाएवढी. चढते, काही दिवस रक्त पिते, उतरते, फटीत जाऊन कात टाकते. आता आठ पायांची. परत चढते, पिते, उतरते, परत कात. मग मोठी होऊन तिसऱ्यांदा चढते. शेवटी मादी भिजवलेल्या वाटाण्याएवढी फुगून गळून पडते आणि फटीत जाऊन अंडी घालते, चार-चार हजार. मग मरते. म्हणजे कुठल्याही घटकेला पाहिलं तरी बहुतेक गोचिडी घरात असतात, कुत्र्यावर थोड्याच. मी कुत्रा धूत होतो आणि माल भिंतीत होता.

हे मला कळलं ते दुसऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्या पोरांकडून. पण पहिल्यांचं आधी.

पहिली कंपनी मोठी, जाहिरातवाली. नाव लिहीत नाही, भांडायची हौस नाही. १० एप्रिलला माणूस आला, टापटीप गणवेश, पाठीवर पंप. "हर्बल आहे, वास येणार नाही." वास खरंच आला नाही. सगळ्या खोल्यांत भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवरून पंप फिरवला, किचनच्या कपाटात झुरळांची जेल टिपक्या-टिपक्यांनी लावली. वीस मिनिटांत मोकळा. १,८०० रुपये, पावती, वर तीन महिन्यांची वॉरंटी. मी म्हटलं, "अहो, त्या वर चौकटीत आहेत." तो म्हणाला, "औषध वरपर्यंत चढतं." पस्तीस वर्षांत मी वीज वर चढवली, पाणी मोटर लावून चढवलेलं पाहिलं, पण जमिनीवरचं औषध आपलं आपण चौकटीवर चढताना पहिल्यांदाच ऐकलं. झुरळं गेली, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. पंधरा दिवसांनी फोन केला तर उत्तर आलं, "गोचीड वॉरंटीत येत नाही." पावतीच्या मागे खरंच लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

२१ एप्रिलला खंड्याने भाकरी सोडली. या कुत्र्याने कडक भाकरीचा तुकडा कधी सोडलेला नाही. नुसता पडून. हिरड्या पांढुरक्या, अंग तापलेलं. डॉक्टर मॅडमनी रक्त काढलं. प्लेटलेट ३८,०००. धडधाकट कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. एर्लिकिया निघाला, आपण ज्याला टिक फिव्हर म्हणतो त्यातला एक. गोचिडीच्या चाव्यातून जंतू रक्तात जातो, पांढऱ्या पेशींत घर करतो, प्लेटलेट पाडतो. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन. मी पहिले दोन दिवस गोळी दह्यात दिली. मॅडम म्हणाल्या, "दह्यादुधात नको, औषध नीट लागू पडत नाही. रिकाम्या पोटीही नको, उलटी होईल." मग उकडलेल्या अंड्यात कोंबून द्यायला लागलो. सातव्या दिवशी खंड्याने माझ्या ताटाकडे पाहिलं. शेंगाचटणी होती. दिली नाही, पण त्याने पाहिलं याचंच बरं वाटलं.

मॅडमनी त्याच दिवशी फ्लुरालानर लिहून दिली होती. मीच आणली नाही. २,३०० ऐकलं आणि म्हटलं, ताप उतरू दे, मग बघू. तोवर पावडर, पट्टा आणि पहिली फवारणी मिळून २,१७० रुपये पाण्यात गेले होते. हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा ही शेजारी होती. काही बोलली नाही, नुसता चष्मा वर केला.

मग २ मे. नातीच्या मानेवर, केसांच्या कडेला, एक छोटी गोचीड. चार वर्षांची पोर. सूनबाईचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. शेजारच्या आजी काडी पेटवून चटका द्या म्हणाल्या, कुणी रॉकेल लावा म्हणालं. यातलं काही करू नका. भाजली, तेलात बुडवली, की ती सुटायच्या आधी आत ओकते. वायरींचा बारीक टोकाचा चिमटा माझ्याकडे होता, स्पिरिटने पुसला, कातडीला अगदी लागून तोंडाशी धरली आणि सरळ, हळू ओढली. पीळ द्यायचा नाही, पोट दाबायचं नाही. निघाली अख्खी. स्पिरिटच्या बाटलीत टाकली. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, दोन आठवडे ताप आणि अंगावरचं पुरळ यांवर लक्ष ठेवा, तळहात-तळपाय बघत जा. या गोचिडीतून माणसाला होणारा टिक टायफस भारतात आहे, लवकर ओळखला तर औषधाने बरा होतो. नातीला काही झालं नाही. सुनेच्या सावंतवाडीकडच्या मावशीचा मात्र फोन आला, माकडताप असेल म्हणून. त्यांची भीती वाजवी आहे, सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत त्या तापाने माणसं गेलीत. पण तो पसरवणारी मुख्य गोचीड जंगलातली, वेगळी. सोलापुरात माळवदावर बसणारी ती नाही.

संध्याकाळी निकाल लागला: कुत्रा मोहोळला पाठवायचा. मीही हो म्हटलं होतं. त्याच दिवशी गोळी आणली ती एवढ्यासाठी, की मेव्हण्याच्या गोठ्यात ही घाण जाऊ नये.

आता गोळीचं. मांसाच्या चवीची असते म्हणतात. परदेशी जातीचे कुत्रे चॉकलेटसारखी खातात असं दुकानदार म्हणाला. खंड्याने हुंगली, तोंडात घेतली, आणि माझ्या पायावर ठेवली. परत दिली, परत ठेवली. २,३०० रुपयांची गोळी कुत्रा तुमच्या चपलेवर ठेवतो तेव्हा काय वाटतं ते लिहिता येत नाही. शेवटी सगळं जेवण पुढे ठेवून, मटणाच्या बिनकांद्याच्या रश्शात कुस्करलेल्या भाकरीच्या मधोमध लपवली. तशीही ती जेवणाबरोबरच द्यायची असते, भरल्या पोटी जास्त लागू पडते. कांदा-लसूण कुत्र्याला नको, म्हणून रस्सा वेगळा केला होता. हिने केला, मी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंड्याच्या अंथरुणावर तेवीस मेलेल्या गोचिडी. मोजल्या मी. कानात आणि बोटांच्या बेचक्यात लटकलेल्या होत्या त्या सुकून चुरा होत होत्या. दोन दिवसांनी मात्र अंगावर परत चार चिकटलेल्या, जिवंत. मी दुकानदाराशी भांडायला निघालोच होतो. इथेच बरेच लोक गोळीला शिव्या देतात, म्हणून नीट सांगतो: ही गोळी गोचिडीला हाकलत नाही. औषध कुत्र्याच्या रक्तात असतं. गोचीड चढणार, चावणार, पिणार आणि मग बारा तासांच्या आसपास मरणार. अंगावर दिसली म्हणजे गोळी फुकट गेली असं नाही. तोटाही यातच आहे. एर्लिकियाचा जंतू चाव्यातून काही तासांत उतरू शकतो, म्हणजे घर भरलेलं असताना नुसत्या गोळीवर विसंबलात तर कुत्रा आजारी पडू शकतो.

आणि दुसरी गोष्ट डॉक्टरांकडून ऐकूनच घ्या. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके आल्याची नोंद आहे, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध खात्याने, २०१८ मध्ये तसा इशारा दिलाय. फिट येणाऱ्या कुत्र्याला परस्पर देऊ नका. दोन किलोपेक्षा हलक्या पिल्लालाही नाही. खंड्याला एक दिवस पोट बिघडण्यापलीकडे काही झालं नाही.

आता ती पोरं. ४ मे, रविवार. दोघं, एक स्कूटर, शिडी शेजाऱ्याची मागून आणली. आमच्याच गल्लीतल्या किराणावाल्याने नंबर दिला होता. दारात आल्या आल्या दोघांतल्या मोठ्या पोराने विचारलं, "काका, कुत्र्याला काय देता?" पंप बाहेरच ठेवला होता. मी गोळीचं सांगितलं. "दिली ना? मग येतो आत. नसती दिली तर पैसे घेऊन काय करू, पंधरा दिवसांनी तुम्ही मलाच फोन कराल."

मी म्हटलं, कुत्रा परवा गावाला जातोय. तो थांबला. म्हणाला, "कुत्रा पाठवू नका काका. तोच तुमचा सापळा आहे."

त्याचं गणित असं. लहान, मधली, मोठी, तिन्ही वयांत या गोचिडीला कुत्राच हवा. गोळी खाल्लेला कुत्रा घरात फिरत राहिला की भिंतीतली एकेक भुकेली खाली उतरून त्याच्यावर चढणार आणि मरणार. कुत्रा काढला तर ती उपाशी बसणार. मोठी गोचीड वर्षभराहून जास्त उपाशी राहू शकते. आणि कुत्रा सापडला नाही तर माणूस आहेच. रात्री पोराने यावर आणखी शोधून काढलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये सांगितलंय की उष्ण प्रदेशातली ही गोचीड अडतीस अंशांच्या आसपासच्या उन्हाळ्यात कुत्र्यापेक्षा माणसाकडे जास्त वळते. आमच्याकडे त्या आठवड्यात पारा चाळिशीच्या वर होता. सूनबाईने ते वाचलं, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे त्याला." खंड्याला काही कल्पना नव्हती, तो चौकटीला टेकून झोपला होता.

पोरांनी दीड तास काम केलं. बॅटरी घेऊन आधी नुसतं पाहिलं. चौकटी, खिडकीच्या खाचा, तुळया जिथे भिंतीत जातात ती जागा, देवघराच्या मागची फळी, गादीची शिवण. डेल्टामेथ्रिन फटीफटीत मारलं, कमरेच्या वर जास्त. फवारा वाळेपर्यंत नात, खंड्या, आम्ही सगळे बाहेर. शेजारची मांजर आमच्याकडे येते, तिला दोन दिवस येऊ देऊ नका असं त्यांनी न विचारता सांगितलं. ही औषधं मांजराला सोसत नाहीत. एका वेळचे १,४०० रुपये, आणि दुसरी फवारणी पंधरा दिवसांनी घ्यावीच लागेल असं आधीच बोलून ठेवलं, कारण अंडी या औषधाने मरतील असं धरायचं नसतं.

एक जागा मात्र त्यांना सुचली नाही, ती मला सुचली. बोर्ड. त्यांनी हॉल संपवला तेव्हा मी म्हटलं, थांबा. मेन स्विच पाडला, पंख्याच्या बोर्डाचे चार स्क्रू काढले आणि प्लेट पुढे ओढली. पेटीच्या आत, वायरींच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकाभोवती, भुईमुगाच्या टरफलाच्या चुऱ्यासारखं काहीतरी. काती होत्या. आणि त्यांच्या मागे जिवंत. मी आयुष्यभर माणसांना बोर्डातून पाली, झुरळं, एकदा तर पिल्लांसकट उंदीर काढून दाखवलाय. स्वतःच्या घरचा बोर्ड कधी उघडला नव्हता. पाइपलाइन म्हणजे त्यांच्यासाठी आडवाटच होती, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कुणाला न दिसता जायची. जुन्या खोल्यांत तर केसिंग-पट्टी आहे, भिंतीवरून जाणाऱ्या वायरी झाकणारी. ती पट्टी म्हणजे फूटपट्टीसारखी सरळ फटच, जमिनीपासून तुळईपर्यंत.

हे वाचून कुणी बोर्ड उघडायला जाल, तर मेन बंद, टेस्टर लावून खात्री, आणि आत ओलं काही मारायचं नाही. अजिबात नाही. जमत नसेल तर वायरमन बोलवा, शंभर-दोनशे घेईल. आम्ही व्हॅक्युमच्या बारीक तोटीने ओढून घेतलं, पिशवी बाहेर नेऊन साबणाच्या पाण्यात बुडवली, मग पाइपभोवतीची भोकं पुट्टीने बंद केली. दोन रविवार त्यात गेले. गिऱ्हाइकाकडून याचे मी तीन हजार घेतले असते.

मोजमापासाठी काळी इन्सुलेशन टेप वापरली. दर रविवारी सकाळी वीस मिनिटं, बॅटरी घेऊन फिरायचं, दिसेल तिला टेपवर चिकटवायचं, तुकडा वहीत लावायचा, तारीख घालायची. ती वही मी कुणाला दाखवत नाही, पण आकडे देतो. ४ मे, फवारणीआधी: ७३. ११ मे: ४१. १८ मेला दुसरी फवारणी झाली, त्या सकाळी २९. २५ मे: १२. पाऊस यंदा लवकर आला, १ जूनला ९ आणि मी खूश. ८ जूनला २६! त्यातल्या बहुतेक बारीक, टेपवर धुळीसारख्या. पोरांना फोन केला, आवाज जरा चढवूनच. मोठा म्हणाला, "काका, अंडी फुटली. त्यांना कुत्र्यावर चढू द्या. कुत्र्याला बांधून ठेवू नका, सगळ्या खोल्यांत फिरू द्या." फवारणीचे आणखी पैसे मिळण्याची संधी होती, त्याने घेतली नाही. २२ जून: ८. आषाढीला, ६ जुलैला, २. मग शून्य, मग एक, मग २७ जुलैला परत शून्य.

२५ जुलैला बारा आठवडे भरले तेव्हा दुसरी गोळी दिली होती. घरात काही दिसत नसताना परत एवढे पैसे कशाला, असं माझ्याही मनात आलं. पण अंडं, पिल्लू, मधली, मोठी असा फेरा पुरा व्हायला दोन-अडीच महिने लागतात आणि उपाशी बसलेल्या त्याहून जास्त टिकतात, म्हणून मॅडमनी निदान दोन गोळ्या म्हटलं होतं. शिवाय गल्लीतले कुत्रे आहेत, खंड्या त्यांच्यात जातो. यावेळी गोळी पायावर ठेवायची त्याला संधीच दिली नाही. थेट रश्शात.

तर अभिप्राय. गोळीला पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीचा कापला. दोन कुत्री असलेल्या घराला वर्षभर हे झेपणं अवघड आहे. महिन्याला द्यायच्या गोळ्याही आहेत, अफॉक्सोलानर वगैरे, एका वेळेला खर्च कमी पडतो पण तारीख चुकली की घोटाळा. तुमच्या घरी तारखा कोण लक्षात ठेवतं त्यावर ठरवा. पोरांच्या फवारणीला पूर्ण पाच, त्यातले दोन त्या पहिल्या प्रश्नासाठी. पहिल्या कंपनीला झुरळांपुरते गुण. पट्ट्याला काही नाही.

एवढं लिहून झालं आणि नागपंचमीला मी पंख्याचा बोर्ड परत उघडला. आत पुट्टी कोरडी, दोन-तीन जुन्या काती, फुंकर मारली तशा उडाल्या. बोर्ड बंद करून एम.सी.बी.च्या पेटीकडे गेलो. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलने प्रत्येक खटक्याचं नाव लिहून ठेवलंय: हॉल, किचन, मोटर, गीझर. त्याच्या खाली लिहिलं: खंड्या, १७ ऑक्टोबर.